जुन्या पिकअपची उंची घरच्या घरी कमी करताना

पिकअप खाली आणण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला फार सोपे वाटते. मागे पाट्यांपाशी, म्हणजे भार पेलणाऱ्या वाकड्या पोलादी पट्ट्यांपाशी, दोन लोखंडी ठोकळे घालायचे, पुढे दोन बोल्ट सैल करायचे, की झाले. मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात बोल्ट सोडण्या-आवळण्याचे काम दोन दिवसांत आटोपले, पण त्या बोल्टांमुळे गाडीत इतर ठिकाणी जे बिघडले ते जागेवर आणायला पुढचे दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांतले बहुतेक सगळे टाळता आले असते, म्हणून कामाचा क्रम येथे सविस्तर मांडतो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी. गाडी तीन इंच खाली येते तेव्हा ते तीन इंच कोठून तरी घेतलेले असतात. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक वर उचलले जावे म्हणून चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, जी मोकळी जागा ठेवलेली असते, तिच्यातूनच ते जातात. म्हणून गाडी किती खाली न्यायची हे लांब उभे राहून ठरवता येत नाही. ते गाडीखाली झोपून, हातात टेप घेऊन ठरवावे लागते. पुढील सर्व मजकूर मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या पिकअपसाठी आहे. चारही चाकांना शक्ती जाणाऱ्या गाडीत पुढच्या शाफ्टांचे कोन बदलतात आणि काम बरेच अवघड होते; पहिल्याच प्रयत्नात कोणी त्या वाटेला जाऊ नये.

१. गाडीखालची रचना ओळखा

पिकअपच्या मागे बहुधा पाटे असतात. ते ॲक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाके जोडणाऱ्या आडव्या आसाच्या, वरून गेले आहेत की खालून, हे सर्वांत आधी पाहा, कारण मागचे सगळे काम त्यावरच ठरते. ठोकळा हा पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसतो. पाटा ॲक्सलच्या खालून जात असेल तर ठोकळ्यामुळे ॲक्सल पाट्यापासून वर सरकतो आणि गाडी खाली येते. पाटा ॲक्सलच्या वरून जात असेल तर तोच ठोकळा गाडी उंच करतो. वाचताना हे उघड वाटते, पण माझ्या परिचयातील एका गृहस्थाने दिवसभर राबून, हात काळे करून, संध्याकाळी जॅक काढला तेव्हा त्यांची गाडी दोन इंच वर गेलेली होती.

पुढच्या बाजूला तीन रचना प्रामुख्याने आढळतात. चाकाला चासीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्यापासून चासीला समांतर अशी अंगठ्याएवढी जाड सळई मागे गेलेली दिसली, तर तो टॉर्शन बार होय. चाकाचा झटका ही सळई स्वतः पिळली जाऊन झेलते. टोयोटा, निसान आणि मझदा यांच्या १९८० च्या दशकातील लहान पिकअपमध्ये ही रचना सर्रास दिसते. दुसरी रचना कॉइल स्प्रिंगची, म्हणजे वेढ्यावेढ्यांच्या स्प्रिंगची. केवळ कंपनीच्या नावावरून येथे अंदाज बांधू नये. शेव्हरोलेच्या सी-१० मध्ये १९६० ते १९६२ पर्यंत पुढे टॉर्शन बार होते आणि १९६३ पासून कॉइल स्प्रिंग आल्या. तिसरी रचना फोर्डने १९६५ पासून वापरलेली ट्विन आय-बीम. तिच्यात प्रत्येक पुढचे चाक एका लांब तुळईवर झुलते, त्यामुळे नुसती आखूड स्प्रिंग घातली तर चाके वरच्या बाजूने आत कलतात. अशा गाडीला वेगळ्या घडणीच्या तुळया लागतात आणि त्या कामाचे विवेचन या लेखात नाही.

२. आधी मोजमाप, मग निर्णय

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करा. टायरमधील हवा नेमून दिलेल्या दाबाइतकी असावी आणि हौदा रिकामा असावा. चारही कोपरे हाताने दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे पाटे आणि बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) आपल्या नेहमीच्या जागी येतात. त्यानंतर प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरची झीज आणि हवा यांचा फरक त्या आकड्यात मिसळतो. जुन्या गाडीत डाव्या आणि उजव्या बाजूच्या आकड्यांत थोडा फरक निघतो. तो आताच नोंदवून ठेवला नाही तर पुढे तो आपल्याच कामामुळे आला असे वाटून माणूस गोंधळतो.

आता खाली शिरा. चासीला रबराचे जाड गुटके लावलेले असतात, त्यांना बंप स्टॉप म्हणतात. मागे ॲक्सलपासून त्या रबराच्या टोकापर्यंत आणि पुढे खालच्या दांड्यापासून तेथील रबरापर्यंत किती जागा मोकळी आहे ते मोजा. माझ्या गाडीत मागे ११४ मिलिमीटर आणि पुढे ४८ मिलिमीटर जागा होती. डोळ्यांना मागे चार इंच आणि पुढे तीन इंच हवे होते. चार इंच म्हणजे १०२ मिलिमीटर. म्हणजे मागे १२ मिलिमीटर उरले असते आणि पहिल्याच गतिरोधकावर ॲक्सल चासीवर आपटला असता. पुढचे तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर, तर अस्तित्वातच नव्हते. शेवटी मी मागे दोन इंच आणि पुढे एक इंच एवढ्यावर थांबलो. रिकामी पिकअप मागून उंचच उभी असते, कारण तिचे पाटे भरलेल्या हौद्यासाठी बनवलेले असतात. त्यामुळे मागे एक इंच जास्त उतरवल्यावर गाडी जवळजवळ सपाट दिसू लागली.

बंप स्टॉप कापून जागा वाढवता येते, हे खरे आहे. मीही पुढचे थोडे कापले. मात्र कापायचे ते रबर. रबरच काढून टाकले तर लोखंड लोखंडावर आपटते आणि मग चासीला किंवा दांड्याला तडा जातो. याशिवाय ॲक्सलच्या वरून जाणारा सायलेन्सरचा पाइप, ब्रेकचे पाइप आणि हौद्याचा तळ यांची अंतरेही त्याच वेळी मोजून ठेवा. बंप स्टॉपला पोचण्याआधीच ॲक्सल पाइपला लागत असेल तर खरी मर्यादा त्या पाइपाचीच धरावी लागते.

३. कागदपत्रे आणि साहित्य

तुमच्या मॉडेलचे दुरुस्ती-पुस्तक आधी मिळवा. कोणता नट किती जोराने आवळायचा, चाकांचे कोन किती ठेवायचे, पुढची उंची कोठून कोठपर्यंत मोजायची, हे सगळे त्यात असते आणि अंदाजाने यातले काहीही करता येत नाही. नोंदणीची कागदपत्रे आणि विम्याच्या अटीही काम सुरू करण्याआधी वाचा. अनेक देशांत सस्पेन्शनमधील, म्हणजे चाके आणि चासी यांच्यामधल्या स्प्रिंग-जोडणीतील, बदलासाठी तपासणी किंवा नोंद आवश्यक असते, आणि न कळवलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. ठोकळ्यांसोबत आलेले माहितीपत्रकही जपून ठेवा.

हत्यारे आणि साहित्य पुढीलप्रमाणे लागते:

- गाडीच्या वजनाला पुरेसा ट्रॉली जॅक आणि तेवढ्याच क्षमतेच्या चार जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या घोड्या
- चाकांमागे-पुढे लावायला भक्कम पाचरी
- सॉकेटचा संच, लांब दांडा आणि टॉर्क पाना (नट नेमक्या ठरलेल्या जोराने आवळणारा)
- गंज सोडवणारे तेल, वायर ब्रश, खडू आणि पांढरा रंग
- टेप, पाणसळ आणि कोन दाखवणारे साधन
- ठोकळे, नवे लांब यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट), नवे नट व वॉशर
- डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा

यू-बोल्ट जुने वापरू नका. घट्ट आवळताना ते किंचित ताणले जातात आणि एकदा सोडल्यावर पुन्हा तेवढी पकड देतीलच असे नाही. ठोकळे भक्कम धातूचे असावेत. लाकडाचे तुकडे किंवा एकावर एक ठेवलेले दोन ठोकळे कधीही वापरू नयेत. ब्रेक मारताना ॲक्सल पाट्याभोवती फिरू पाहतो आणि ती सगळी ताकद त्या ठोकळ्यावर येते.

काम सुरू करण्याच्या तीन दिवस आधीपासून रोज सगळ्या नटांवर गंजाचे तेल सोडत राहा. वायर ब्रशने बाहेर डोकावणारे आटे साफ करा. एवढ्या कामाने माझे निदान चार तास वाचले असावेत.

४. गाडी उचलणे

ही पायरी छोटी आहे, पण यात सवलत नाही. मागची बाजू उचलायची असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो. ती चाके हवेत गेली की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी पुढे-मागे जाऊ शकते. चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग डिफरेन्शियलखाली, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या फुगीर डब्याखाली, जॅक लावून गाडी उचला आणि पाट्यांच्या पुढच्या टोकाच्या थोडे पुढे, चासीच्या सरळ भागाखाली घोड्या ठेवा. सगळा भार घोड्यांवर आल्यावर गाडीला बाजूने जोरात हलवून पाहा. हलायची असेल तर ती आता हलू द्या; आपण खाली असताना नव्हे.

यानंतर जॅक पुन्हा डिफरेन्शियलखाली आणून ॲक्सलचे वजन फक्त पेलेल इतका वर घ्या. येथून पुढे ॲक्सल जॅकवर आणि गाडी घोड्यांवर.

५. मागची बाजू: ठोकळे बसवणे

येथे पाटे ॲक्सलच्या खालून गेले आहेत असे धरले आहे. चाके काढा आणि खोलण्यापूर्वी सगळ्याची छायाचित्रे घ्या. शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट सोडा. ॲक्सलवर येणारी ब्रेकची लवचीक नळी, हँडब्रेकची तार आणि हवेची बारीक नळी यांच्यावर नजर ठेवा. ॲक्सल वर-खाली करताना पहिला ताण ब्रेकच्या नळीवरच येतो आणि आतून फाटलेली नळी बाहेरून शाबूत दिसते.

एका वेळी एकच बाजू पूर्ण खोला. दुसऱ्या बाजूचे नट थोडे सैल करून तसेच राहू द्या, म्हणजे ॲक्सल जागा सोडत नाही. गंजलेले यू-बोल्ट सुटत नसतील तर ते कापावे लागतात; पिकअपची इंधनाची टाकी अनेकदा तेथून हातभर अंतरावर असते, म्हणून ठिणग्या उडवणारे यंत्र वापरण्याऐवजी मी लोखंड कापायची साधी करवत वापरली. वेळ लागला, हात भरून आले, पण झोप शांत लागली.

यू-बोल्ट निघाल्यावर जॅकने ॲक्सल हळूहळू वर घ्या. पाट्याच्या मध्यावर, पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे गोल डोके दिसेल. एरवी ते ॲक्सलच्या बैठकीतील भोकात बसलेले असते. बैठक आणि पाटा ब्रशने घासून स्वच्छ करा. ठोकळ्याच्या एका बाजूला भोक आणि दुसऱ्या बाजूला खुंटी असते. सेंटर बोल्टचे डोके ठोकळ्याच्या भोकात आणि ठोकळ्याची खुंटी ॲक्सलच्या भोकात बसली पाहिजे. जॅक अगदी थोडा थोडा खाली घ्या आणि बसताना बोटांऐवजी एखाद्या सळईने ठोकळा सारा. खुंटी नीट बसली की एक बारीक 'टक' असा आवाज येतो आणि दोन्ही पृष्ठभागांमध्ये उजेड दिसेनासा होतो. उजेडाची फट दिसत असेल तर यू-बोल्ट आवळून ती मिटवण्याचा प्रयत्न करू नका. ॲक्सल पुन्हा वर घेऊन बसवा.

नवे यू-बोल्ट वरून घालून खालची पट्टी लावा. चार नट कर्णाच्या क्रमाने, तीन-चार फेऱ्यांत, दर वेळी थोडे थोडे आवळत शेवटी पुस्तकातील आकड्यावर आणा. दुसरी बाजू अशीच करा. त्यानंतर पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक निघाला तर एखादी खुंटी बसलेली नाही आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालेल.

शॉकविषयी माझी एक चूक सांगतो. उंची कमी केली की लहान शॉक घ्यावेच लागतात असे ऐकले होते, म्हणून मी ते आधीच विकत घेतले. बसवताना लक्षात आले की माझ्या गाडीत शॉकचे खालचे टोक ॲक्सलला नसून पाट्याखालच्या यू-बोल्टच्या पट्टीला आहे. ठोकळा घातल्याने ॲक्सल वर गेला, पण पाटा आणि ती पट्टी चासीपासून जेथे होती तेथेच राहिली. म्हणजे शॉकची लांबी बदललीच नव्हती, आणि लहान शॉक लावले असते तर चाक खाली जाताना ते पूर्ण ताणले जाऊन तुटले असते. शॉकचे टोक थेट ॲक्सलला जोडलेले असेल तर मात्र ठोकळ्याच्या उंचीइतका शॉक कायमचा दबतो आणि तेथे लहान शॉक लागतोच. आधी पाहावे, मग घ्यावे.

त्या पट्टीचीच दुसरी बाब अशी की ॲक्सलच्या तुलनेत ती आता दोन इंच जमिनीकडे आली आहे. दोन्ही मागच्या रिमच्या सर्वांत खालच्या कडेला दोरी धरून पाहा. टायर अचानक फुटला तर गाडी रिमवर येते, त्या वेळी दोरीच्या खाली असलेला प्रत्येक भाग रस्त्याला घासतो. पट्टी, यू-बोल्टची वाढीव टोके, काहीही त्या दोरीच्या खाली नसावे.

६. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर

अशा गाडीत ॲक्सल पाट्याच्या खालून काढून वर बसवण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे ॲक्सलची जाडी आणि पाट्यांची जाडी मिळून गाडी एकदम चार-सहा इंच उतरते आणि बहुतेक वेळा ॲक्सलसाठी चासीत कमानीसारखी खाच कापून, तिला पोलादी जोड देऊन वेल्डिंग करावे लागते. चासीचे वेल्डिंग हे घरी शिकत शिकत करण्याचे काम नव्हे.

थोडीच उंची कमी करायची असेल तर शॅकल बदलता येते. पाट्याचे मागचे टोक चासीला ज्या छोट्या झुलत्या दुव्याने जोडलेले असते तो शॅकल. पाट्याचे टोक चासीवरील बोल्टच्या खाली लोंबत असेल तर आखूड शॅकलने गाडी उतरते. टोक त्या बोल्टच्या वर असेल तर लांब शॅकलने. बदल पाट्याच्या एकाच टोकाला होत असल्यामुळे ॲक्सलपाशी त्याच्या साधारण निम्मा परिणाम दिसतो. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पक्के आवळावेत. हवेत लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पुढच्या दांड्यांच्या बुशलाही हाच नियम लागू आहे.

पाटा काढून टाकणे किंवा पाट्याला आणि स्प्रिंगला गॅसने तापवून बसवणे, हे दोन 'स्वस्त' उपाय कोणी ना कोणी सुचवतेच. पाटे कमी केल्याने गाडी उतरते, पण भार पेलण्याची ताकद जाते आणि जोरात गाडी सोडताना ॲक्सल पिळवटतो. तापवल्याने पोलादाला दिलेले पाणीच उतरते. पुढे ते कधी बसेल किंवा तुटेल याचा भरवसा नाही.

७. ब्रेकचा व्हॉल्व्ह: बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा भाग

अनेक जुन्या पिकअपमध्ये, विशेषतः जपानी बनावटीच्या, मागच्या ॲक्सलच्या वर चासीला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्यापासून एक बारीक दांडी ॲक्सलपर्यंत आलेली असते. हौदा रिकामा असताना मागची चाके हलकी असतात, म्हणून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल भरला की हौदा खाली बसतो, ॲक्सल चासीच्या जवळ येतो, दांडी ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो.

आता ठोकळ्यांनी काय केले ते पाहा. ॲक्सल दोन इंच चासीजवळ आला आणि व्हॉल्व्हच्या दृष्टीने गाडी कायमची मालाने भरलेली झाली. मी ही दांडी होती तशी पुन्हा जोडली होती. चार दिवसांनी पाऊस झाला. रिकाम्या गाडीने, फारसा वेग नसताना, एका वळणाआधी ब्रेक दाबला तर मागची चाके जागच्या जागी आवळली गेली आणि हौदा आवाज न करता डावीकडे सरकू लागला. रस्ता मोकळा होता म्हणून काही झाले नाही. कोरड्या रस्त्यावर मला याची पुसटशीही कल्पना आली नव्हती.

म्हणून दांडी सोडण्यापूर्वी, गाडी चाकांवर उभी असताना, व्हॉल्व्हच्या तरफेचा कोन आणि तिच्यापासून चासीवरील एखाद्या ठरलेल्या खुणेपर्यंतचे अंतर मोजून ठेवा. काम झाल्यावर ॲक्सलकडील जोडणीची पट्टी तेवढीच खाली आणून, किंवा दांडी जुळवता येत असेल तर ती आखूड करून, तरफ पुन्हा त्याच जागी आणा. मागच्या ब्रेकचा दाब मापकाने तपासून घेता आला तर फारच उत्तम. पुस्तकात त्याचे आकडे असतात आणि हे काम मी एका जाणकार कारागिराकडून करून घेतले. व्हॉल्व्ह काढून टाकून सरळ पाइप जोडणे हा उपाय नाही.

८. पुढची बाजू: टॉर्शन बार

बारच्या मागच्या टोकाला एक तरफ असते आणि तिला पेलणारा लांब बोल्ट असतो. हा बोल्ट सैल केला की बारचा पीळ कमी होतो आणि गाडीचा पुढचा भाग उतरतो. सुरुवातीला दोन्ही बोल्टांचे किती आटे नटाच्या बाहेर दिसतात ते मोजून लिहा आणि बार व तरफ यांच्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढा. बार काढण्याची वेळ आलीच तर डावा आणि उजवा यांची अदलाबदल करू नका. त्यांतला प्रत्येक आपल्या ठरलेल्या एकाच दिशेने पिळण्यासाठी बनवलेला असतो. बारला पाइप पान्याने धरू नका, त्याच्यावर हातोडा मारू नका. वरवरच्या ओरखड्यापासूनही तडा सुरू होऊ शकतो.

गाडी पुढून उचलून चासीखाली घोड्या ठेवा आणि चाके लोंबू द्या, म्हणजे बोल्टवरील भार कमी होतो. काही गाड्यांत तरफ सोडवण्यासाठी खास साधन लागते. पुस्तकात तसे लिहिले असेल तर त्या साधनाशिवाय हात घालू नये. आट्यांना तेल देऊन नट सैल करा आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे, दोन-दोन फेरे, सोडा. त्यानंतर गाडी खाली घ्या, चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला, कोपरे दाबा आणि मगच मोजा. खाली घेतल्याबरोबर मोजलेला आकडा खोटा असतो, कारण टायर जमिनीला धरून बसतात आणि चाकांना बाहेर पसरू देत नाहीत. माझ्या गाडीत एका फेऱ्याला सुमारे सहा मिलिमीटर उंची कमी झाली; तुमच्या गाडीचा आकडा तुम्हाला पहिल्या दोन फेऱ्यांतच कळेल.

येथे मोह मोठा असतो, कारण बोल्ट सैल करायला काहीच खर्च नसतो. पण बार जितका सोडाल तितकी बंप स्टॉपकडची जागा संपते आणि बारचा कडकपणा आहे तेवढाच राहतो, त्यामुळे पुढचा भाग प्रत्येक खड्ड्यात रबरावर आपटू लागतो. शिवाय चाके हवेत लोंबत असताना बारमध्ये थोडा तरी पीळ उरला पाहिजे. तरफ हाताने हलत असेल तर तुम्ही मर्यादेपलीकडे गेला आहात.

९. पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर

दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये माणसाला गंभीर इजा करण्याइतकी ऊर्जा असते. खालचा दांडा जॅकवर पेलल्याशिवाय आणि स्प्रिंग दाबून धरणारे साधन लावल्याशिवाय बॉल जॉइंट, म्हणजे दांडा आणि चाकाकडचा भाग जोडणारा गोल सांधा, सोडू नका, आणि स्प्रिंगच्या समोर तोंड आणून वाकू नका. आखूड स्प्रिंग घेण्यापेक्षा, उपलब्ध असेल तर, चाकाचा आस वरच्या बाजूला असलेला स्पिंडल (चाक ज्यावर बसते तो भाग) घेणे मला अधिक योग्य वाटते. त्यात दांडे आणि स्प्रिंग आपल्या मूळ जागी राहतात, फक्त चाक वर सरकते, त्यामुळे चाकाच्या हालचालीची जागा कमी होत नाही. रिम लहान असेल तर ती आत लागू शकते, एवढे आधी तपासावे. स्प्रिंगचे वेढे कापणे हा वादाचा विषय आहे. कापलेली स्प्रिंग आखूड होते तशीच कडकही होते, आणि जिचे टोक सपाट मिटलेले असते ती कापल्यावर बैठकीत नीट बसत नाही. मी कापणार नाही.

१०. प्रोपेलर शाफ्टचा कोन

गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत शक्ती नेणारा लांब दंड म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्समधून निघणारा आस आणि डिफरेन्शियलमध्ये शिरणारा आस एकमेकांना समांतर असावेत. एक अंशापर्यंतचा फरक चालतो. समांतर पृष्ठांचे ठोकळे घातले तर हे नाते बिघडत नाही. शॅकल बदलल्यास मात्र ॲक्सल थोडा फिरतो आणि ठरावीक वेगाला पायाखाली गुरगुर जाणवू लागते. गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही कोन मोजा. फरक असेल तर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून तो काढता येतो. मऊ धातूची पाचर कालांतराने चेपते आणि यू-बोल्ट ढिले पडतात.

११. रस्त्यावर नेण्यापूर्वी आणि नंतर

जागेवरच हौद्यात वाळूची पोती एकेक करून ठेवत जा आणि दर वेळी खाली पाहा. ॲक्सल आणि पाइप, टायर आणि हौद्याची कड, शाफ्ट आणि आडवी पट्टी, कोण कोणाच्या किती जवळ येते ते येथे शांतपणे कळते. पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कोठे घासतो का ते पाहा. उंची कमी झाल्यावर पूर्वीएवढा माल भरला तर ॲक्सल लवकर बंप स्टॉपला टेकतो, म्हणून माझ्यापुरती मी मालाची मर्यादा उतरवून घेतली आहे.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करून घेणे अनिवार्य आहे. पुढचा भाग उतरला की चाके वरून आत कलतात आणि त्यांची समोरची दिशाही बदलते. तसेच चालवत राहिल्यास टायरची आतली कड काही आठवड्यांत झिजते, आणि बाहेरून पाहताना ते दिसतही नाही. मात्र कामाच्या दिवशीच अलाइनमेंट करू नका. शंभरएक किलोमीटर सौम्यपणे चालवून सस्पेन्शन बसू द्या, उंची पुन्हा मोजा, बार जुळवायचा असेल तर जुळवा आणि मग न्या. अलाइनमेंटनंतर बारला हात लावला तर तो खर्च वाया जातो.

पुढच्या दिव्यांची दिशा अंधारात भिंतीसमोर तपासा. मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त उतरला असल्यामुळे झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो.

यू-बोल्ट सुमारे ८० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ८०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने तपासा. प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. माझ्या गाडीत पहिल्या तपासणीत आठपैकी पाच नट थोडे फिरले, डाव्या बाजूचा एक तर जवळजवळ पाव फेरा. दुसऱ्या वेळी एकच किंचित हलला. तिसऱ्या वेळी एकही हलला नाही, आणि तेव्हापासून तेल बदलताना खाली वाकून रेघा जुळलेल्या आहेत ना, एवढेच मी पाहतो.